बेने इस्रायलांचीं मराठी आख्यानें

लोणारच्या सरोवराजवळच्या आमच्या सुलतानपुरांत सप्ताहाच्या दिवसांत कीर्तनास पुरुषांहून बायकामुलांची गर्दी अधिक असते. अशाच एका कीर्तनांत बोवांनीं श्रीयाळ-चांगुणेचें आख्यान लाविलें होतें. अतिथीच्या हट्टापायीं चांगुणा आपल्या चिलया बाळाचें मस्तक उखळांत घालून कांडते, हा प्रसंग आला तेव्हां मंडपांतील बायकांनीं डोळ्यांस पदर लाविले, आणि आमच्या शेजारीं बसलेली सहा-सात वर्षांची एक मुलगी आईस म्हणाली, “अन् बाळ वापस आलाच नसता, तं?” आईनें तिला गप्प केलें. पुढें शंकर प्रसन्न झाले, बाळ धांवत आला, जयजयकार झाला, आरतीचें ताट फिरलें. परंतु त्या पोरीचा प्रश्न आमच्या मनांतून कांहीं केल्या जाईना.

जुन्या धर्मकथा घराघरांत कशा नांदतात, हा वाङ्मयाच्या दृष्टीनें मोठा प्रश्न आहे. सामान्य समजूत अशी, कीं कथेच्या शेवटीं तात्पर्य काढून तें मुलांच्या हातीं दिलें म्हणजे कथेचा संसाराशीं संबंध जुळला. आमचें मत याहून निराळें आहे. तात्पर्य निघालें कीं कथेचें काम संपतें; रस काढलेल्या चिपाडासारखी ती बाजूस पडते. उलट जी कथा चुलीशीं, ताटाशीं, सणावाराशीं बांधली जाते आणि जींत मुलाच्या प्रश्नास जागा राहते, ती पिढ्यान् पिढ्या टिकते. या मताच्या पुष्टीस आम्ही वाचकांपुढें एक असें उदाहरण ठेवतों, जें अस्सल मराठी असूनहि मराठी वाचकांच्या फारसें परिचयाचें नाहीं. तें उदाहरण म्हणजे कोंकणांतील बेने इस्रायल या यहुदी समाजानें रचलेलीं मराठी कीर्तनें.

या समाजाची परंपरागत हकीकत अशी, कीं अलीबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. पोथ्या समुद्रांत गेल्या. हें केव्हां घडलें याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. पुढें हे लोक आजच्या रायगड जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून पसरले, तेलाचे घाणे चालवूं लागले, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस ‘शनवार तेली’ हें नांव दिलें. गांवांवरून दिवेकर, केहीमकर, राजपूरकर, नवगांवकर अशीं आडनांवें पडलीं. सामुएलचा सामाजी झाला, अब्राहामचा आबाजी झाला. घरांत मराठी, अंगणांत मराठी, जात्यावर मराठी. हिब्रू भाषा लोपली. ईश्वराचें एकत्व सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी मुखीं राहिली, आणि सुंतेपासून लग्नापर्यंत प्रत्येक मंगल प्रसंगीं तीच म्हटली जाऊं लागली.

तोरा म्हणजे मोशेचे पांच ग्रंथ. ते जवळ नाहींत, वाचतां येत नाहींत. अशा स्थितींत त्यांतील कथांचें काय झालें असेल? याचें उत्तर या समाजाच्या जुन्या सणांच्या नांवांत सांपडतें. नव्या वर्षाच्या सणास ते ‘नव्याचा सण’ म्हणत. प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपासास ‘दारफळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशीं दारें लावून बसावयाचें. त्याच्या दुसऱ्या दिवशींचा तो ‘शिळा सण’. एका सणाचें नांव ‘खिरीचा सण’. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा जो शोकदिन, त्याचें नांव ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशीं वालाचें बिरडें करावयाचें. आणि वसंतांतल्या एका सणाचें नांव ‘आनशी ढाकाचा सण’. आनस म्हणजे आंबट रसाचें मडकें. तें त्या सणास झांकून ठेवावयाचें.

या शेवटल्या नांवापाशीं वाचकांनीं क्षणभर थांबावें. मिसर देशाच्या गुलामगिरींतून इस्रायल लोक निघाले ते इतक्या घाईनें, कीं मळलेली कणीक आंबण्यासहि अवकाश मिळाला नाहीं. म्हणून त्या स्मरणार्थ वल्हांडणाच्या सणांत आंबलेलें कांहीं खावयाचें नाहीं, ही तोराची आज्ञा. कोंकणांतल्या त्या स्वयंपाकघरांत मिसर देश विस्मृत झाला होता, फारो विस्मृत झाला होता, समुद्र दुभंगल्याची हकीकतहि मावळली होती; राहिलें होतें एक झांकलेलें मडकें. कथा गेली आणि रीत उरली. एरवीं आपण असें समजतों कीं कथा ही जीव आणि रीत हें तिचें टरफल. येथें टरफलानेंच शेंकडों वर्षें बी जपून ठेविलें.

याच धर्तीची दुसरी हकीकत दाविद रहाबीची सांगतात. परदेशांतून आलेल्या या यहुदी गृहस्थास हे तेली आपल्याच धर्माचे असावेत अशी शंका आली. त्यानें त्यांच्या बायकांस नानाप्रकारचे मासे रांधावयास दिले. बायकांनीं पर आणि खवले असलेले मासे तेवढे घेतले व बाकीचे आम्ही खात नाहीं म्हणून बाजूस सारले. तोराचा नेमका हाच नियम आहे. रहाबीची खात्री पटली, आणि त्यानें त्या समाजांतील तिघां पुरुषांस धर्मशिक्षण देऊन तयार केलें. त्यांस ‘काजी’ म्हणूं लागले. रहाबीच्या काळाविषयीं वाद आहे, आणि दंतकथेचा अंश हकीकतींत असेलहि. पण आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें, कीं समाजानें आपल्या ओळखीची ही जी कथा जपली, तींत परीक्षेस पुरुष बसले नाहींत, बायका बसल्या. आणि परीक्षा पोथीची नव्हती, विळीवरची होती.

एकोणिसाव्या शतकांत पोथी परत आली. मुंबईंत १७९६ सालीं समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर उभें राहिलें होतें. पुढें जॉन विल्सन प्रभृति मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रूचें शिक्षण मिळूं लागलें, ‘जुन्या करारा’चें मराठी भाषांतर हातीं आलें. मिशनऱ्यांचा हेतु निराळा होता हें उघड आहे. परंतु या समाजानें त्यांचें व्याकरण घेतलें, ग्रंथ घेतला आणि धर्म आपलाच ठेविला. वल्हांडणाच्या रात्रीं घरांत वाचावयाची जी पोथी, तिला ‘हगादा’ म्हणतात. ती मराठी अर्थासह १८४६ मध्यें मुंबईंत निघाली. १८७४ मध्यें पुण्यास छापलेल्या हगादांत चित्रें आहेत. त्यांतील कांहीं युरोपांतल्या जुन्या प्रतींच्या वळणाचीं आहेत; पण बिनखमीर भाकरी करण्याचें काम जेथें दाखविलें आहे, तेथें लुगडें नेसलेल्या बायका जमिनीवर बसून कणकेचा उद्योग करीत आहेत. मिसरांतून निघालेल्या त्या भाकरीस मराठी हात लागला, याचा एवढा बोलका पुरावा दुसरा नसेल. झांकलेल्या मडक्याची हरवलेली कथा अशा रीतीनें आपल्या घरीं परत आली.

हगादाची रचना आमच्या विषयास फार उपकारक आहे. तिचा आरंभ मुलाच्या प्रश्नांनीं होतो. आजची रात्र इतर रात्रींहून निराळी कां, असें धाकट्यानें विचारावयाचें आणि बापानें कथा सांगावयाची. पुढें चार प्रकारच्या मुलांचें वर्णन आहे: एक शहाणा, एक वांकडा, एक भोळा आणि एक ज्याला विचारतांहि येत नाहीं असा. वांकड्याससुद्धां पंक्तींतून उठविलेलें नाहीं; आणि ज्याला विचारतां येत नाहीं, त्याच्याशीं बोलणें बापानें आपण होऊन सुरू करावें, असें सांगितलें आहे. ताटांतली कडू भाजी आणि बिनखमीर भाकर हीं मुलानें विचारावें यासाठींच मांडलेलीं असतात. प्रश्न हा येथें कथेंतील व्यत्यय समजला जात नाहीं. प्रश्नावांचून कथा सुरूच होत नाहीं. सुलतानपूरच्या मंडपांत गप्प केलेल्या त्या मुलीची आठवण आम्हांस येथें तीव्रतेनें झाली.

परंतु हगादा वर्षांतून एकदां. उरलेल्या कथांचें काय? शब्बाथाच्या दिवशीं मंदिरांत तोराचे चौपन्न भाग वर्षभर क्रमानें वाचले जातात. पण ते हिब्रूंत, आणि बायकामुलांस तें सर्व कळावें कसें? १८८० च्या सुमारास मुंबईंतील कांहीं बेने इस्रायल मंडळींनीं या अडचणीवर जो उपाय काढला, तो महाराष्ट्रावांचून कोठें सुचला नसता. त्यांनीं कीर्तन उचललें. शेजारच्या देवळांत जें ते ऐकत होते, तेंच पूर्वरंग-उत्तररंगाचें, साकी, दिंडी, ओवी, पदें यांनीं भरलेलें, झांजेच्या व पेटीच्या साथीचें कीर्तन. आख्यान मात्र अब्राहामाचें, योसेफाचें, मोशेचें.

तोरांतील कथा मराठी ओवींत येण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालीं छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागांत जगाच्या उत्पत्तीपासूनच्या या कथा आलेल्या आहेत, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथाची मराठी पुष्कळ ठिकाणीं फार गोड आहे. परंतु त्यांत अब्राहाम, मोशे इत्यादिकांस पुढें येणाऱ्या एकाच्या आगमनाची वर्दी देण्याचें काम आहे. ते दिंडीदरवाजांतले भालदार आहेत. बेने इस्रायलांच्या कीर्तनांत तेच पुरुष घरचे वडील म्हणून येतात. ज्या समाजांत सुंतेच्या प्रसंगीं अब्राहामाचें नांव निघतें आणि जेथें आजोबांचें नांवच आबाजी असतें, तेथें अब्राहामाचें आख्यान म्हणजे आपल्याच वाड्यांतली जुनी गोष्ट. कवित्वाच्या तुलनेंत स्टीफन्स कदाचित् वरचढ ठरेल. घरोब्याच्या तुलनेंत तो पाहुणाच राहील.

आतां या पद्धतीची खरी परीक्षा कोठें होते तें पाहूं. अब्राहामास देवानें आज्ञा केली, कीं तुझा लाडका पुत्र इसहाक यास घेऊन डोंगरावर जा आणि त्याचें हवन कर. चिलयाच्या कथेशीं हिचें साम्य उघड आहे. मराठी श्रोत्यास तें सांगावेंहि लागत नाहीं. परंतु साम्याहून भेद अधिक बोधप्रद आहे. चिलयाच्या आख्यानांत आई केंद्रस्थानीं आहे. कांडणारे हात तिचे, रडें गिळणारा कंठ तिचा, आणि शेवटीं बाळ धांवत येतो तो तिच्याच कुशींत. तोराच्या कथेंत आई नाहीं. बाप पहाटे उठतो, लांकडें फोडतो, गाढवावर खोगीर घालतो, तीन दिवस चालतो. सारेस कांहीं सांगितल्याचा उल्लेखहि नाहीं. वाटेंत मुलगा एकच प्रश्न विचारतो, कीं अग्नि आहे, लांकडें आहेत, कोंकरूं कोठें आहे? बाप उत्तर देतो आणि देत नाहींहि. शेवटल्या क्षणीं हात आवरला जातो, झुडपांत अडकलेला एडका दिसतो, इसहाक वांचतो. परंतु परततांना ग्रंथांत अब्राहामाचें नांव आहे, इसहाकाचें नाहीं. आणि पुढील अध्याय उघडतो तो एकशें सत्ताविसाव्या वर्षीं सारा मरण पावली या वार्तेनें. पूर्वीच्या यहुदी पंडितांस हें खटकलें होतें. डोंगरावरची हकीकत कानीं पडतांच सारेचा प्राण गेला, असें त्यांच्यापैकीं कांहींनीं सांगून ठेविलें आहे. “अन् बाळ वापस आलाच नसता, तं?” हा प्रश्न त्यांनीं एका आईच्या मृत्यूनें विचारला.

अशा कथेचें मराठी आख्यान रचणाऱ्यापुढें मोठा मोह असतो. श्रोत्यांत बायका आहेत. त्यांच्या कानांत चांगुणेची ओवी घुमते आहे. सारेस रंगावर आणून एक विलाप घातला तर मंडप हेलावून जाईल. हा मोह सर्वस्वीं टाळावा असें आम्ही म्हणणार नाहीं. सारेस आंत आणणें म्हणजे घरास कथेंत आणणें, आणि तसें जुन्या पंडितांनींहि केलें आहे. परंतु विलापानंतर बाळ आईच्या कुशींत आलें, सर्व गोड झालें, म्हणून देवावर भाव ठेवा, असा शेवट केला, तर चिलयाची कथा इसहाकाच्या कथेस गिळून टाकील. तोराच्या कथेचें सामर्थ्य तिच्या मौनांत आहे. तें मौन ज्या आख्यानकारास राखतां येतें, तोच खरा आख्यानकार. श्रोत्यांनीं घरीं जातांना वाटेंत सारेविषयीं बोलावें, जेवतांना मुलानें बापास विचारावें, आणि बापास क्षणभर घांस गिळतां येऊं नये, हें त्याचें यश.

योसेफाची कथा याच्या उलट. तींत मौन थोडें आणि संसार भरपूर. याकोबानें एका मुलावर अधिक माया केली, त्याला एकट्यालाच सुंदर झगा शिवला. भावांनीं हेवा धरून त्याला वीस रुप्यांस विकलें आणि झगा बकऱ्याच्या रक्तांत भिजवून बापास दाखविला. ज्या याकोबानें तरुणपणीं हातांस करडाचें कातडें बांधून आंधळ्या बापास फसविलें, त्यालाच म्हातारपणीं बकऱ्याच्या रक्तानें फसविलें जावें, यांत घरगुती कर्माचा जो न्याय आहे, तो एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मराठी श्रोत्यास फोड करून सांगावा लागत नाहीं. पुढें दुष्काळ पडतो आणि तेच भाऊ धान्य मागत त्याच्याच दारांत उभे राहतात. १८७६ ते १८७८ या सालांतील दुष्काळ ज्यांनीं पाहिला होता, त्यांस १८८० नंतरच्या कीर्तनांत हा प्रसंग ऐकतांना मिसर देश परका वाटला असेल काय? योसेफ ओळख न देतां आंतल्या दालनांत जाऊन रडतो आणि तोंड धुऊन बाहेर येतो. भाऊबंदकीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण दुखावलेल्या भावाचें इतकें खरें चित्र आम्हांस थोडेंच आढळलें. हें आख्यान कीर्तनाच्या घाटास जणूं मापून बेतलेलें आहे.

घर आणि कथा यांची गांठ किती घट्ट बसूं शकते, याचा एक दाखला मलिद्याचा. लग्न असो, नवें घर असो, नवस फिटो, कीं प्रवासाहून कोणी सुखरूप परत येवो, भिजविलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओल्या नारळाचा कीस आणि फळें यांचें ताट मांडून एलियाहू हनाबीचें स्मरण करावयाचें. एलिया हा तोरांतील पुरुष नव्हे, पुढील राजांच्या ग्रंथांतील. पण अग्निरथांतून स्वर्गास गेलेला हा प्रवक्ता अलीबागेजवळच्या खंडाळ्यास येऊन गेला आणि तेथील खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली, अशी या लोकांची श्रद्धा आहे. कथेस खडक मिळाला आणि ताटास पोहे मिळाले. आणखी काय पाहिजे?

तथापि या कीर्तनपद्धतींत दोष नाहींत असें नाहीं. नारदीय कीर्तनाबरोबर त्याची उपदेशाची हौसहि आली. पूर्वरंगांत जें तत्त्व मांडावयाचें, त्यासाठीं उत्तररंगांतील कथा वाकविली जाते, हा आपल्या कीर्तनांचा जुना रोग. तो उसन्या घेतलेल्या घाटाबरोबर तेथेंहि येणें स्वाभाविक आहे. तोराचे नायक दोषी आहेत: याकोब फसवितो, योसेफाचे भाऊ विकतात, मोशेस राग आवरत नाहीं. भक्तिकथेच्या सांच्यांत घालतांना त्यांस साधुपुरुष करण्याची घाई झाली, तर कथा गोड होते आणि खोटी होते. मुलांस दोषी वडील चालतात. किंबहुना घरांत त्यांना तेच दिसतात. साधु झालेला याकोब त्यांच्या काय कामाचा?

१९४८ नंतर या समाजांतील बहुतेक कुटुंबें इझ्रायलांत जाऊन राहिलीं. तेथें गेल्यावर त्यांच्या यहुदीपणाविषयीं कांहीं धर्माधिकाऱ्यांनीं शंका काढल्या, आणि बरीच चळवळ झाल्यावर १९६४ मध्यें तेथील लोकसभेस त्यांच्या पूर्ण समानतेचा निर्वाळा द्यावा लागला. ज्यांनीं पोथीवांचून मडकें झांकून ठेविलें, त्यांना पोथीवाल्यांनीं पुरावा मागावा, हा दैवदुर्विलास होय. महाराष्ट्रांत आज या समाजाचीं थोडींच हजार माणसें उरलीं आहेत. राज्य सरकारनें २०१६ मध्यें यहुदी समाजास अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. अलीबागेंत इस्रायल आळी आहे, तींतलीं घरें मात्र विरळ झालीं. तिकडे इझ्रायलांत ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक निघालें. पूर्वी पुरुष करीत त्या कीर्तनांचीं पदें तिकडील वृद्ध स्त्रियांनीं गाऊन जतन केलीं. परंतु त्यांचीं नातवंडें हिब्रू बोलतात. पूर्वी रीत होती आणि ग्रंथ कळत नव्हता; आतां ग्रंथ मुलास मूळ भाषेंत कळतो आणि आजीचें पद कळत नाहीं. चक्र उलट फिरलें.

या हानीस उपाय काय, तें त्या समाजानें पाहावें. आमचें कर्तव्य निराळें आणि जवळचें आहे. हीं कीर्तनें मराठी भाषेंत, मराठी छंदांत, मराठी माणसांनीं रचलेलीं आहेत. कीर्तनवाङ्मयाची चर्चा करतांना आपण तीं दुसऱ्या धर्माचीं म्हणून बाजूस ठेवतों. पण मग दाविद रहाबीनें ज्या कसोटीनें माणसें ओळखलीं, ती आपण विसरलों असें होईल. जुनीं कीर्तनपुस्तकें जेथें सांपडतील तेथून मिळवून, शुद्ध करून, चालींसह छापून ठेवावीं, आणि मराठी आख्यानकवितेच्या इतिहासांत त्यांस त्यांचा पाट मांडून द्यावा, एवढीच आमची सूचना आहे.

सुलतानपूरच्या त्या मुलीस आम्ही दुसऱ्या दिवशीं इसहाकाची गोष्ट सांगितली. सारा मेली येथपर्यंत सांगितली आणि थांबलों. तात्पर्य सांगितलें नाहीं. तिनें बराच वेळ विचार केला आणि मग विचारलें, “त्यायनं तिले आधीं सांगितलं काहून नाहीं?” याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें, आणि तें नाहीं असें आम्ही तिला सांगितलें. तिची आई या वेळीं तिला गप्प बस म्हणाली नाहीं.